लॅपटॉपचा वेग वाढवायचाय? आधी सॉफ्टवेअर नीट निवडा

प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "लॅपटॉप ओव्हरक्लॉक करायचाय. वापरायला सोपं असं कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" विचारणारे सगळे संगणकशास्त्राचे नसतात. एकांकिकेच्या चित्रीकरणाचं एडिटिंग करणारी आमच्या मराठी मंडळातली मुलं असतात, वाणिज्य शाखेची असतात, आणि रात्री गेम खेळणारे तर असतातच. पण या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी असते. घरात लॅपटॉप एकच, तोही आईवडिलांनी हप्त्यांवर घेतलेला, आणि पदवी हातात पडेपर्यंत तोच पुरवायचा. त्यामुळे "अमुक टाक" असं एका ओळीत सांगून मोकळं होणं मला बरं वाटत नाही. म्हणून हे जरा सविस्तर उत्तर.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हा लेख विंडोज लॅपटॉपसाठी आहे. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकबुकवर घड्याळाचा वेग वाढवायची सोयच नाही, तेव्हा मॅकबुकवाल्यांनी नुसत्या माहितीसाठी वाचावं.

घड्याळ म्हणजे काय?

प्रोसेसरच्या आत एक ठेका अखंड चालू असतो. भजनात पखवाजाच्या ठेक्यावर टाळ पडावेत, तशी प्रोसेसरची प्रत्येक क्रिया या ठेक्यावर होते. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चारशे कोटी ठेके. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत हा आकडा एका साध्या गुणाकारातून येतो: १०० मेगाहर्ट्झचं मूळ घड्याळ आणि एक गुणक. गुणक ४० असला की ४,००० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ४ गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवून दिलेल्या लयीपेक्षा हा ठेका जलद करायचा, याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग.

याची गोडी लोकांना लागली ती डेस्कटॉपवर. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचं मूळ घड्याळ ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक साडेचार, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. गुणक बदलता येत नव्हता, पण मदरबोर्डवर मूळ घड्याळ ६६ चं १०० करता येत होतं. तसं केलं की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावायचा. दीडपट वेग, आणि जादा पैसे शून्य! हौशी लोक त्याच्या मागे लागले यात नवल नाही. आजही "ओव्हरक्लॉक" म्हटलं की आपल्या मनात अशीच काहीतरी फुकटची दीडपट असते.

लॅपटॉपमध्ये मात्र ती मिळत नाही, आणि याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे लॅपटॉपच्या बहुतेक प्रोसेसरांचा गुणक कंपनीने कुलूपबंद केलेला असतो. दुसरं आणि मोठं कारण असं, की आजचा प्रोसेसर आपण काहीही न करता स्वतःच स्वतःचा वेग वाढवत असतो. माझ्या लॅपटॉपमधला इंटेल आय५-९३००एच बघा. त्याचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आहे, पण गरज पडली की तो आपणहून ४.१ पर्यंत जातो. याला 'टर्बो' म्हणतात. म्हणजे वाढवायचा तो वेग कंपनीने आधीच वाढवून ठेवलेला आहे. तो टिकत नाही, ही आपली खरी अडचण.

म्हणून "वेग वाढवायला कुठलं सॉफ्टवेअर?" या प्रश्नाआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा: "माझ्या लॅपटॉपवर जो वेग छापला आहे, तो तरी मला मिळतोय का? नसेल तर कशामुळे?" सोपं आणि चांगलं सॉफ्टवेअर मी त्यालाच म्हणतो, जे आधी या प्रश्नाचं उत्तर देतं.

वेगाला कोण अडवतं?

अडवणारे मुख्यतः तिघे आहेत: उष्णता, विजेची मर्यादा आणि चार्जर.

उष्णतेचं गणित सोपं आहे. इंटेलचे बरेचसे लॅपटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सियसपर्यंत तग धरतात. एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंशांची असते. तिथे पोचलं की प्रोसेसर जळत नाही, तो ठेका संथ करतो. यालाच 'थ्रॉटल' होणं म्हणतात. डेस्कटॉपमध्ये मोठे पंखे आणि मोकळी हवा असते. लॅपटॉपमध्ये दोन बोटं जाडीच्या डब्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप शेजारी शेजारी बसलेले, आणि पुष्कळदा दोघांची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्याही एकच. त्यात आपल्याकडचा मे महिना. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आतलं तापमानही साधारण तेवढंच चढतं. थंड देशातल्या एखाद्या एसी खोलीत केलेला व्हिडिओ पाहून तेच आकडे इथे टाकले तर तोच निकाल कसा मिळेल?

विजेची मर्यादा म्हणजे प्रोसेसरने किती वॉट खायचे याचं बंधन. इंटेलमध्ये याचे दोन आकडे असतात, पीएल-१ आणि पीएल-२. पीएल-२ मोठा असतो, पण तो थोडा वेळच चालतो. कित्येक लॅपटॉपवर ही मुदत २८ सेकंदांच्या आसपास असते. ती संपली की प्रोसेसर पीएल-१ वर उतरतो. तुमच्याकडे १५ वॉटचा 'यू' मालिकेतला प्रोसेसर असेल, तर पहिली अर्धी मिनिट भन्नाट आणि नंतर मंद, हा अनुभव तुम्ही घेतला असेलच. तो बिघाड नव्हे, तशीच ती रचना आहे.

चार्जरकडे तर कोणाचंच लक्ष जात नाही. मंडळातल्या एका मैत्रिणीचा लॅपटॉप इतका रेंगाळायचा की मराठीत टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला सेकंद लागायचा. तिलाही ओव्हरक्लॉकचं सॉफ्टवेअर हवं होतं. टास्क मॅनेजर उघडला तर वेग ०.७९ गिगाहर्ट्झ! काहीही केलं तरी आकडा तिथून हलेना. मूळ चार्जर खराब झाल्यावर तिने बाजारातून दुसऱ्याच बनावटीचा आणला होता. लॅपटॉप तो ओळखत नव्हता आणि धोका नको म्हणून प्रोसेसरला दाबून ठेवत होता. योग्य चार्जर लावला आणि लॅपटॉप पूर्ववत झाला. ओव्हरक्लॉकिंगची गरजच उरली नाही.

आधी बघणारं सॉफ्टवेअर

म्हणून पहिलं सॉफ्टवेअर बघण्यासाठीचं घ्यावं. मी एचडब्ल्यूइन्फो वापरतो. ते घरगुती वापरासाठी मोफत आहे. उघडताना 'फक्त सेन्सर' हा पर्याय निवडला की प्रत्येक भागाचं तापमान, वेग आणि वॉट दिसतात, आणि त्यांचे आतापर्यंतचे किमान-कमाल आकडेही. यादी लांबलचक असते, घाबरू नका. आपल्याला चारच ओळी लागतात: प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसरचा वेग, प्रोसेसरचे वॉट आणि ग्राफिक्सचं तापमान.

मग लॅपटॉपला काम द्यायचं. सिनेबेंच आर२३ हे मोफत चाचणीचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं प्रोसेसरला पुरतं राबवतं. चार्जर लावून, लॅपटॉप टेबलावर ठेवून ते चालवा आणि आकडे वहीत उतरवा. पहिल्या मिनिटाचा वेग आणि दहाव्या मिनिटाचा वेग यांत जो फरक असेल तेवढीच तुमची कमाई, म्हणजे तेवढंच परत मिळवता येण्यासारखं आहे. फरक नसेल आणि तापमानही ८० च्या घरात असेल, तर तुमच्या लॅपटॉपची तब्येत चांगली आहे. त्याला उगाच छेडू नका.

निवडताना पाच प्रश्न

आता बदल करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे येऊ. 'सोपं' म्हणजे नुसतं मोठं लाल बटण असलेलं नव्हे. मी पाच प्रश्न विचारतो.

पहिला, ते माझ्या चिपवर चालतं का? इंटेलचं सॉफ्टवेअर एएमडीवर चालत नाही, आणि प्रोसेसरचं सॉफ्टवेअर ग्राफिक्सला हात लावत नाही. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटची अक्षरं वाचायची सवय लावा. इंटेलमध्ये 'एचके', आणि 'एचएक्स' मालिकेतले बहुतेक, गुणक मोकळा असलेले असतात. 'यू', 'पी' आणि साधे 'एच' कुलूपबंद असतात.

दुसरा, ते आधी दाखवतं आणि मग बदलतं का? जे सॉफ्टवेअर काय बदललं ते सांगत नाही आणि नुसतं "तुमचा पीसी ४० टक्के जलद झाला" असं म्हणतं, ते काढून टाका.

तिसरा, मागे फिरता येतं का? एका बटणावर मूळ स्थिती आली पाहिजे, आणि लॅपटॉप अडकून पुन्हा सुरू झाला तर बदल आपोआप विसरले गेले पाहिजेत.

चौथा, प्रत्येक वेळी आपोआप सुरू व्हायचं की नाही, हे माझ्या हातात आहे का?

पाचवा, ते मी कुठून घेतोय? २०२१ साली एमएसआय कंपनीने स्वतःच इशारा दिला होता की तिच्या आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरच्या नावाने बनावट साइट काढून त्यातून मालवेअर पसरवलं जातंय. शोधताना सगळ्यात वर जाहिरात दिसते, तिच्यावर कधीही क्लिक करू नका. एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ संकटं टळतील.

कोणासाठी कुठलं?

सगळ्यात सोपं सॉफ्टवेअर बहुधा तुमच्या लॅपटॉपमध्ये आधीपासूनच असतं. लेनोवोमध्ये व्हँटेज, आसूसमध्ये आर्मरी क्रेट, एसरच्या गेमिंग लॅपटॉपवर नायट्रोसेन्स किंवा प्रेडेटरसेन्स, एचपीवर ओमेन गेमिंग हब, डेलच्या एलियनवेअरवर कमांड सेंटर, एमएसआयवर एमएसआय सेंटर. यांतल्या 'शांत', 'संतुलित', 'परफॉर्मन्स' अशा मोडमध्ये कंपनीने विजेची मर्यादा आणि पंख्यांचा वेग जुळवून ठेवलेला असतो. हा मोड नुसता बदलला तरी वॉटचा आकडा बदललेला एचडब्ल्यूइन्फोत दिसतो. लेनोवोच्या लीजन लॅपटॉपवर एफएन आणि क्यू, आसूसच्या टफवर एफएन आणि एफ५ ही बटणं एकत्र दाबली तरी मोड बदलतो. कित्येक जण वर्षभर 'शांत' मोडवर लॅपटॉप वापरतात आणि तो हळू आहे म्हणून कुरकुर करतात. ज्याला फार खोलात शिरायचं नाही, त्याने इथेच थांबावं. वॉरंटीला धक्का नाही, काही बिघडण्याची भीती नाही.

इंटेलचं स्वतःचं सॉफ्टवेअर म्हणजे एक्स्ट्रीम ट्यूनिंग युटिलिटी, थोडक्यात एक्सटीयू. दिसायला नीटनेटकं, एकाच खिडकीत आलेख, सरकपट्ट्या आणि चाचणीचीही सोय. लॅपटॉप अडकून बंद पडला तर पुढच्या वेळी ते मूळ आकड्यांवर परत येतं. पहिल्यांदा उघडताना ते वॉरंटीबद्दल आणि नुकसानीबद्दल स्पष्ट सूचना देतं. ती न वाचता पुढे जाऊ नका. मोकळा गुणक असलेला लॅपटॉप असेल तर नवख्या माणसाला मी हेच सुचवेन. मात्र कित्येक साध्या लॅपटॉपवर ते चालतच नाही, किंवा चाललं तरी सरकपट्ट्या करड्या दिसतात. तसं झालं तर आपलं काही चुकलं असं समजू नका. ती वाट त्या चिपवर बंद आहे, एवढंच.

थ्रॉटलस्टॉप हे केविन ग्लिन यांनी लिहिलेलं छोटेखानी मोफत सॉफ्टवेअर. टेकपॉवरअप या साइटवर मिळतं. दिसायला रुक्ष, बटणांची गर्दी, पण लॅपटॉपसाठी याच्यासारखं दुसरं मला सापडलेलं नाही. त्यातलं 'लिमिट्स' हे बटण दाबलं की वेगाला कोण अडवतंय ते सरळ समोर येतं. लाल चौकट म्हणजे आत्ता अडवतंय, पिवळी म्हणजे मघाशी अडवलं होतं. थर्मल दिसलं तर उष्णता, पीएल-१ दिसलं तर वॉट. डॉक्टरांनी आधी नाडी बघावी तसं हे आहे. ते फक्त इंटेलवर चालतं. इन्स्टॉल करावं लागत नाही, फोल्डर उघडून चालवायचं. आपण मुद्दाम तशी सोय केली नसेल तर लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर बदल उरत नाहीत. नवख्यासाठी ही मोठीच सुरक्षितता.

एएमडीवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. कंपनीचं रायझन मास्टर मुख्यतः डेस्कटॉपसाठी आहे आणि लॅपटॉपच्या बहुतेक रायझन चिपांना ते दाद देत नाही. त्यांच्यासाठी रायझनॲडज हे साधन स्वतंत्र प्रोग्रामरांनी बनवलंय, पण त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात. सरकपट्ट्या हव्या असतील तर युनिव्हर्सल एक्स८६ ट्यूनिंग युटिलिटी बघावी. तापमानाची कमाल मर्यादा आणि वॉट इतकंच बदला. बाकीचे पर्याय कळल्याशिवाय त्यांना हात नको.

ग्राफिक्स चिपसाठी एमएसआय आफ्टरबर्नर. नाव एमएसआयचं असलं तरी कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर चालतं, एनव्हिडिया असो वा एएमडी. गेम आणि व्हिडिओवाल्यांना खऱ्या अर्थाने ओव्हरक्लॉकिंग जमतं ते इथेच, कारण ग्राफिक्सचं घड्याळ बहुधा मोकळं असतं. बहुधा म्हणतो, कारण किल्ली शेवटी कंपनीकडेच असते. २०१५ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने ९००एम मालिकेच्या लॅपटॉप चिपांसाठी ही सोय ड्रायव्हरमधूनच काढून घेतली होती. वापरणाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर ती परत दिली. आफ्टरबर्नरमध्ये लॅपटॉपवर व्होल्टेजची आणि पंख्याची पट्टी सहसा हलत नाही. 'कोअर क्लॉक' आणि 'मेमरी क्लॉक' या दोनच पट्ट्या आपल्या कामाच्या.

उलटा उपाय: व्होल्टेज कमी करणं

लॅपटॉपवर सगळ्यात गुणकारी उपाय ऐकायला उलटा वाटतो. वेग वाढवायचा नाही, व्होल्टेज कमी करायचं. याला 'अंडरव्होल्टिंग' म्हणतात.

चिप चालवायला लागणारी वीज वेगाच्या सरळ प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी केलं, तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१. हा वीजखर्च जवळजवळ १९ टक्क्यांनी उतरतो आणि उष्णताही त्याच मापात. कंपनी प्रत्येक चिपला थोडं जास्तच व्होल्टेज देऊन ठेवते, कारण लाखो चिपांमधली सगळ्यात अशक्त चिपही चालली पाहिजे. तुमची चिप सशक्त असेल तर ते जादा व्होल्टेज नुसती उष्णता करतं. ते काढून घेतलं की तापमान उतरतं, आणि उतरलेल्या तापमानामुळे टर्बो जास्त वेळ टिकतो. माझ्या लॅपटॉपवर थ्रॉटलस्टॉपमधून ९० मिलिव्होल्ट कमी केल्यावर दहा मिनिटांच्या चाचणीच्या शेवटचा वेग ३.२ वरून ३.६ गिगाहर्ट्झवर आला, आणि तापमान ९५ वरून ८७ वर. दुसऱ्याच्या चिपला ९० झेपतीलच असं नाही. त्याच मॉडेलच्या दोन चिपांतही फरक असतो.

यात एक अडचण आहे. जुने व्हिडिओ पाहून लोक ही पट्टी शोधतात आणि ती कुलूपबंद असते. याचं कारण २०१९ च्या डिसेंबरमधलं आहे. बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' नावाचा हल्ला जाहीर केला. व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून चिपच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चूक घडवता येते आणि त्यातून गुपितं काढता येतात, हे त्यांनी दाखवलं. त्यानंतर कंपन्यांनी बायोस अपडेटमधून अनेक लॅपटॉपवर ही सोय बंद केली. कुलूप काढण्यासाठी जुना बायोस टाकायचे सल्ले मिळतील. एकुलत्या एका लॅपटॉपवर तसं करू नका. बायोस टाकताना मध्येच वीज गेली तर लॅपटॉप सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. पट्टी कुलूपबंद असेल तर वॉटची मर्यादा किंचित खाली आणणं हा पर्याय उरतो. थोडा वेग जातो, पण झटके बंद होतात आणि पंखाही कमी ओरडतो.

माझी पद्धत

मला विचाराल तर क्रम असा ठेवा. आधी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर घ्या. मग पंख्याच्या जाळीतली धूळ काढा. किनारपट्टीच्या दमट हवेत ती चिकटून बसते. तीन-चार वर्षांचा लॅपटॉप असेल तर दुकानातून आतली थर्मल पेस्ट बदलून घ्या. पुन्हा चाचणी घ्या. कित्येकांचं काम इथेच होतं.

त्यानंतर व्होल्टेज, तेही एका वेळी १० मिलिव्होल्टच्या पायरीने. एकदम शंभरावर उडी नको. थ्रॉटलस्टॉपमध्ये 'सीपीयू कोअर' आणि 'सीपीयू कॅश' या दोन्हींना सारखाच आकडा द्या. प्रत्येक पायरीनंतर चाचणी. निळा पडदा आला की लॅपटॉप पुन्हा सुरू करून शेवटच्या स्थिर आकड्यापासून वीसेक मिलिव्होल्ट मागे या. कडेवर उभं राहायचं नाही.

ग्राफिक्ससाठी आफ्टरबर्नरमध्ये कोअर २५ मेगाहर्ट्झच्या पायरीने वाढवत न्या. पडद्यावर रंगीत ठिपके, चमकणाऱ्या रेघा दिसल्या किंवा गेम आपोआप बंद झाला की हद्द संपली. बऱ्याच चिपा १०० ते १५० पर्यंत साथ देतात. मेमरीला स्वतंत्रपणे, कोअर मूळ जागी ठेवून तपासा. दोन्ही एकदम वाढवले तर चूक कोणाची ते कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'विंडोज सुरू होताना लागू करा' हे बटण निदान आठवडाभर दाबू नका. आमच्या वर्गातल्या एकाने पहिल्याच रात्री ते दाबलं. सकाळी लॅपटॉप सुरू व्हायचा, विंडोज यायचं, आकडे लागू व्हायचे आणि पडदा निळा. परत तेच. त्या दिवशी दुपारी त्याचं प्रोजेक्टचं सादरीकरण होतं. शेवटी सेफ मोडमध्ये शिरून आफ्टरबर्नर काढून टाकलं, कारण सेफ मोडमध्ये असली सॉफ्टवेअर आपोआप सुरू होत नाहीत. सादरीकरण झालं, पण पाच मिनिटं उरली असताना. सेफ मोडमध्ये कसं जायचं हे ओव्हरक्लॉकिंगच्या आधी शिकून घ्या, नंतर नव्हे.

एवढं करून मिळतं काय?

खरं सांगायचं तर, ग्राफिक्सचं घड्याळ वाढवून ढोबळमानाने पाच ते दहा टक्के. गेममध्ये ५० फ्रेम मिळत असतील तर ५३-५४. एडिटिंगमध्ये अर्ध्या तासाचा एक्सपोर्ट दोन-तीन मिनिटं लवकर. उष्णतेने गुदमरलेल्या लॅपटॉपला व्होल्टेज कमी करून याहून जास्त फायदा होतो, शिवाय पंखा शांत आणि मांडीला चटका नाही.

काही ठिकाणी यातलं काहीच उपयोगाचं नसतं. ब्राउझर उघडायला मिनिट लागत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर दुखणं तिथे आहे, एसएसडी बसवा. आठ जीबीची एकच रॅम पट्टी असेल आणि वेगळी ग्राफिक्स चिप नसेल, तर तशीच दुसरी पट्टी घाला. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं, त्यामुळे दोन पट्ट्यांनी जो फरक पडतो तो घड्याळाच्या कुठल्याही आकड्याने पडणार नाही. वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी वाचा. मर्यादेबाहेर चालवून झालेलं नुकसान कंपन्या सहसा भरून देत नाहीत.

तेव्हा पुन्हा मूळ प्रश्नाकडे. वापरायला सोपं कुठलं? काहीच माहिती नसेल तर लॅपटॉपसोबत आलेलं सॉफ्टवेअर आणि एचडब्ल्यूइन्फो. इंटेल असेल आणि शिकायची तयारी असेल तर थ्रॉटलस्टॉप. गुणक मोकळा असेल तर एक्सटीयू. गेम आणि व्हिडिओसाठी आफ्टरबर्नर. एका वेळी एकच टाका, कारण दोन सॉफ्टवेअर एकाच आकड्यावरून भांडू लागली की कोणाचं चालतंय तेच कळत नाही. आणि सबमिशनच्या आठवड्यात यातलं काहीच करू नका. सुट्टी लागू दे, वही-पेन घेऊन बसा, एक संध्याकाळ पुरते. अडलं तर संगणक प्रयोगशाळेत मी शनिवारी दुपारी असतो. चार्जर बरोबर आणा.

— तृतीय वर्ष, संगणकशास्त्र